जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर

एखाद्या विशिष्ट फॉन्टच्या भरवशावर टंकलेला आणि तो फॉन्ट संगणकावर नसेल तर वाचताच न येणारा मराठी मजकूर. डीटीपीच्या दुकानांत तो फॉन्टच्या नावानेच ओळखला जातो : ‘श्रीलिपीतलं मॅटर’, ‘कृतीदेवमधलं मॅटर’, ‘सुरेखमधलं मॅटर’. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, दशावतारी प्रयोगांच्या जाहिराती, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, हापूसच्या पेट्यांवरची लेबले, किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांची माहितीपत्रके असे कोकणातले छापील साहित्य १९९०च्या दशकापासून बरीच वर्षे अशाच फॉन्टांत जुळवले गेले. त्या फाइली आज युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणणे हे जितके संगणकाचे काम आहे तितकेच मुद्रितशोधनाचेही आहे.

अक्षर आणि आकार

अशा फाइलीत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. त्या क्रमांकांच्या जागी फॉन्ट देवनागरी आकार दाखवतो, इतकेच. कृतीदेव फॉन्टमध्ये ‘कोकण’ हा शब्द डी, के, एस, डी, टिंब, के अशा सहा कळांनी उमटतो. ओकाराची मात्रा काना आणि एकार अशा दोन तुकड्यांची होते. ‘ण’ म्हणजे टिंबावरचा अर्धा ण आणि त्याला जोडलेला काना. फॉन्ट बदलला की पडद्यावर हीच सहा इंग्रजी चिन्हे राहतात. त्यामुळे शोध, वर्णक्रम, शब्दलेखन तपासणी, फोनवर वाचून दाखवणे यांतले काहीच चालत नाही. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हेच.

दुसरी अडचण क्रमाची. जुने फॉन्ट डोळ्याला दिसते त्या क्रमाने अक्षरे ठेवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘रत्नागिरी’ कृतीदेवमध्ये जे, मोठा आर, यू, के, एफ, एक्स, जे, एच अशी लिहितात. यातला एफ म्हणजे पहिली वेलांटी. ती ‘ग’च्या आधी येते. युनिकोडमध्ये आधी ‘ग’, मग वेलांटी. रफाराचे नेमके उलटे : जुन्या फॉन्टात तो अक्षर आणि मात्रा टंकून झाल्यावर वर चढवला जातो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ अक्षराच्या आधी असतो.

प्रमाण होते, तरी असे का झाले

प्रमाण नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांची अक्षरे संगणकात कशी साठवायची हे सांगणारे भारतीय मानक संस्थेचे इस्की हे प्रमाण (आयएस १३१९४) १९९१चे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानामागेही हीच पद्धत होती : साठवण उच्चाराच्या क्रमाने, आकार दाखवताना जुळवायचे. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच, आणि तिचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेला आहे. पण विंडोजवरच्या डीटीपी सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळवणी येत नव्हती. त्याला कळत होता तो एका अक्षराला एक आकार देणारा फॉन्ट, आणि त्यात जागा अवघ्या २५६. त्यातल्याही काही वापरता न येणाऱ्या. मग प्रत्येक कंपनीने अर्धी अक्षरे, मात्रांचे तुकडे आणि जोडाक्षरे आपापल्या सोयीने त्या जागांत कोंबली. एका कंपनीची मांडणी दुसरीशी जुळत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांतही फरक सापडतात. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी युनिकोड आले. एक्सपीत ते चालू करायला प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी दुकानात क्वचितच हाताशी असायची. ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण असे केंद्र सरकारने २००९ मध्ये ठरवले. तोवर गावोगावच्या छापखान्यांत पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट घट्ट बसले होते.

रूपांतराची रीत

आधी फॉन्ट नक्की करावा. फाइल डॉकएक्स असेल तर तिची प्रत काढून एक्सटेन्शन झिप करावे. आत वर्ड फोल्डरमधल्या ‘फॉन्टटेबल’ या एक्सएमएल फाइलीत सगळ्या फॉन्टांची नावे मिळतात. पीडीएफमध्ये ती गुणधर्मांच्या खिडकीत, फॉन्टच्या पानावर असतात. एका फाइलीत दोन-तीन मराठी फॉन्ट आणि मधे टाइम्समधले इंग्रजी, असेच बहुधा आढळते. म्हणून फाइल सबंध रूपांतरित करू नये. फॉन्टच्या नावाप्रमाणे तुकडे वेगळे करून एकेक फिरवावा. नाहीतर इंग्रजीतला ई-मेल पत्ता देवनागरी कडबोळे होऊन बाहेर येतो.

मग अदलाबदलीचा तक्ता, म्हणजे कोणत्या कळांच्या जागी कोणते युनिकोड अक्षर घालायचे याची यादी. यात सर्वांत लांब जोडी आधी बदलायची हा नियम मोडला की सगळे बिघडते. कृतीदेवमध्ये के म्हणजे काना. तो आधी बदलला तर ‘ण’मधला उभा दांडाही काना होऊन बसतो आणि ‘कोकण’चे ‘कोकण्ा’ होते. तीन कळांच्या जोड्या, मग दोन, शेवटी सुटी अक्षरे, असा क्रम ठेवावा.

त्यानंतर वेलांटी पुढे न्यायची. ती एकच अक्षर ओलांडून ठेवली तर ‘स्थिती’चे ‘सि्थती’ होते. फिरवलेल्या मजकुरात ही चूक इतकी आढळते की रूपांतर कच्चे आहे हे ओळखायला हा एक शब्द पुरतो. वेलांटीने पुढची सगळी अर्धी अक्षरे ओलांडून पूर्ण व्यंजनाच्या मागे बसले पाहिजे. रफार उलट दिशेने न्यायचा : आधी मात्रा आणि अनुस्वार, मग व्यंजन, आणि त्या व्यंजनाला डावीकडून अर्धी अक्षरे जोडलेली असतील तर तीही ओलांडायची. ‘वेंगुर्ले’त मात्रा न ओलांडल्यास ‘वेंगुलेर्’ आणि ‘हर्णै’त ‘हणैर्’ असे निघते. ‘आर्द्रा’ नक्षत्रात ‘द्र’ हे अख्खे जोडाक्षर ओलांडावे लागते.

शेवटी अशक्य जोड्या शोधाव्यात : शब्दाच्या सुरुवातीलाच मात्रा, लागोपाठ दोन मात्रा, हलन्तानंतर मात्रा, अनुस्वारानंतर काना. शुद्ध मराठीत या येतच नाहीत, तेव्हा जिथे सापडतील तिथे चूक आहे हे नक्की. त्यावर डोळ्यांनी प्रूफ. चाचणीला परिसरातली गावे फार उपयोगी पडतात : मिऱ्या, हर्णै, वेंगुर्ले, तारकर्ली, श्रीवर्धन, सिंधुदुर्ग, भाट्ये, चिपळूण. ही आठ नावे नीट उतरली तर तक्ता बहुतांशी बरोबर आहे असे धरायला हरकत नाही.

मूळ फाइलच बिघडलेली असेल तर तक्ता काही करू शकत नाही. वर्डमधली आपोआप दुरुस्ती यात सर्वांत खोडसाळ. परिच्छेदाचे पहिले अक्षर ते मोठे करते. कृतीदेवमध्ये लहान डी म्हणजे ‘क’ आणि मोठा डी म्हणजे अर्धा ‘क्’, तेव्हा सुरुवातीचे ‘कोकण’ लंगडे होते. सरळ अवतरणचिन्ह ते वळणदार करते, आणि तीच कळ ‘श’ची असल्यामुळे गणेशोत्सवाच्या अहवालातल्या ‘गणेश’चा शेवट उडतो. जुन्या फॉन्टात काम करायचेच असेल तर या दोन्ही सोयी आधी बंद कराव्यात.

दर्या आणि दऱ्या

किनाऱ्यावर सर्वाधिक घोळ घालते ते ‘र’चे अर्धे रूप. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा र. ‘किनाऱ्यावर’, ‘चिऱ्याचे घर’, ‘खोऱ्यात’, ‘वऱ्हाडी मंडळी’, ‘कऱ्हाडे’ हे सगळे दुसऱ्या गटातले. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) आणि त्यापुढे हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि मग न दिसणारे जोडचिन्ह (२००डी). दिसायला दोन्ही सारखेच, पण पहिल्या रीतीने ‘दऱ्या’ पाच संकेतांचा (युनिकोड क्रमांकांचा) आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १५ बाइटांचा होतो, दुसरीने सहा संकेतांचा आणि १८ बाइटांचा. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोहोंना एक मानत नाही. नोंद एका रीतीने आणि शोध दुसऱ्या रीतीने टाकला, तर समोर असलेले आडनावही सापडत नाही.

दुसऱ्या रीतीत आणखी एक धोका आहे. न दिसणारी चिन्हे पुसून टाकणारी सॉफ्टवेअरे पुष्कळ. ते जोडचिन्ह गेले की उरतो ‘र’, हलन्त, ‘य’, म्हणजे रफार. दऱ्यांचा दर्या होतो. पर्यटनाच्या मजकुरात ‘किनार्यावर’ असे जे जागोजागी दिसते त्यामागे पुष्कळदा हे असते. उगाच लेखनिकाला बोल लावला जातो. म्हणून रूपांतरात पहिलीच रीत वापरावी. इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत ‘दऱ्या’ असा येतो : ओ, शिफ्टसह जे, डी, तिरकी रेघ, ई.

‘ॲ’चे दुखणे याच जातीचे. ‘ॲप’मधला स्वतंत्र ‘ॲ’ (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी कोणी ‘अ’वर चंद्र चढवला, कोणी हिंदीतला ‘ऍ’ घेतला. आता एकच शब्द तीन रूपांत पसरलेला आहे आणि शोधायचा तर तिन्ही रूपांनी शोधावा लागतो. जुना संग्रह फिरवताना सगळीकडे ‘ॲ’ करून टाकावा.

उलटा प्रवास

दुकानातले रोजचे काम मात्र बहुधा उलटे असते. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवते, तो युनिकोड. पत्रिकेचा तयार नमुना पेजमेकरमध्ये, जुन्या फॉन्टात. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची आहे आणि तिला युनिकोड समजत नाही; मजकूर चिकटवला की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. तेव्हा युनिकोडचे जुन्या फॉन्टात रूपांतर करून मग जुळवणी करावी लागते. यात इमोजी गळतात, आणि फॉन्टात नसलेली जोडाक्षरे हलन्ताने फुटून येतात. वधूवरांची नावे निदान हाताने पुन्हा टंकावीत. सिंधुदुर्गात गोव्याकडचा कोकणी मजकूरही येतो. त्यातले अनुस्वार दुप्पट काळजीने तपासावेत.

मोठ्या छपाईला फाइल बाहेरगावी पाठवताना कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे त्यांच्या नुसत्या रेषा करतात. छपाई बिनचूक होते, पण मजकूर कायमचा जातो. पुढल्या वर्षी जत्रेची तारीख बदलायची म्हटली तरी पुन्हा कंपोझ करणे आले. कर्व्ह करण्याआधीची प्रत वेगळी ठेवणे हा यावर एकच उपाय, आणि घाईत नेमके तेच राहून जाते.

पीडीएफ

फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ कुठेही बरोबर दिसते, म्हणून ती सुरक्षित समजली जाते. दिसते बरोबर, पण खाली मजकूर जुन्या फॉन्टचाच असेल तर कॉपी केल्यावर इंग्रजी कचराच हाती येतो. युनिकोड फॉन्टातून केलेल्या पीडीएफमध्येही आकार ते अक्षर हा आतला तक्ता अपुरा असला तर वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे होतात. दीर्घकाळ साठवणीच्या पीडीएफ-ए या प्रमाणाचा (आयएसओ १९००५) ‘२-यू’ हा प्रकार अक्षरांच्या युनिकोड नोंदीची सक्ती करतो. संग्रहासाठी तो निवडावा. फॉन्ट ओळखताच येत नसेल तर तक्त्यामागे न लागता पाने ३०० डीपीआयवर चित्ररूपात काढून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी माहितीसंचाने वाचून घेणे पुष्कळदा लवकर होते. मग ‘ख’ आणि ‘रव’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ तेवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

डोंगल

जुन्या मराठी सॉफ्टवेअरला कुलूप असे ते डोंगलचे, म्हणजे संगणकाच्या पोर्टला लावायच्या छोट्या उपकरणाचे. डोंगल लावलेला नसेल तर फॉन्टच चालत नाहीत. समांतर पोर्टवर बसणारा डोंगल नव्या संगणकाला लागत नाही, आणि बाजारातली यूएसबी ते समांतर पोर्ट केबल फक्त प्रिंटरची भाषा बोलते, डोंगलची नाही. यूएसबी डोंगल आभासी संगणकात (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात) एक्सपी बसवून त्याला जोडता येतो. ६४ बिटी विंडोजवर मात्र त्याचा ३२ बिटी ड्रायव्हर चढत नाही. त्यात किनाऱ्यावरची खारी दमट हवा डोंगलच्या पिनांवर गंज आणते. पावसाळ्यात ‘लॉक सापडत नाही’ असा संदेश आला तर संगणक बंद करून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून पाहाव्यात. सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची गरज बहुधा पडत नाही. सगळे संग्रहण डोंगल शाबूत आहे तोवर उरकावे. मूळ फॉन्ट हाताशी असताना प्रूफ ताडून पाहता येते, नंतर अंदाजपंचे.

युनिकोडनंतरही

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू शकतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण फॉन्टात असले तरी बहुधा मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तरच ते वर येते. लिबरऑफिसमध्ये ही नोंद संयुक्त लिप्यांच्या भाषेच्या सेटिंगात, वेबपानावर भाषेच्या खुणेत करावी. फाइलनावांचेही भान ठेवावे : लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणतः २५५ बाइट, आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा, म्हणजे ८५ संकेत, मात्रा आणि हलन्त धरून. देवस्थानाचे पूर्ण नाव, उत्सव आणि साल घालून केलेले नाव इथे अडते.

मालवणी मजकुरावर मराठी शब्दलेखन तपासणी चालवू नये. ‘माका’, ‘खंय’, ‘इलो’ या सगळ्यांखाली लाल रेघा येतात, आणि ‘सर्व बदला’ दाबले की दशावताराच्या हस्तपत्रकातली मालवणी पुस्तकी मराठी होऊन छापली जाते.