रिफंडच्या पानामागचा इतिहास

ऑस्ट्रेलियातल्या कॉलेजचं ऑफर लेटर आलं की पुण्यातल्या घरात आधी दोन आकडे बघतात: फी किती आणि लोन किती मिळेल. करारातलं रिफंडचं पान सहसा कुणी वाचत नाही. डेक्कनवरच्या एखाद्या कन्सल्टन्सीत सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली असते, मुलगा सही करतो आणि वडील शेजारी बसून बघतात. त्या पानावर काय असावं हे तिथल्या कायद्याने ठरवून दिलंय. त्यातल्या बऱ्याच ओळी कुणाची तरी फी बुडाल्यानंतर लिहिल्या गेल्या आहेत.

1950 च्या दशकात कोलंबो योजनेखाली, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या मदत योजनेखाली, आशियाई विद्यार्थी ऑस्ट्रेलियात जात, तेव्हा तो दोन सरकारांमधला मामला होता. 1985 पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी घेण्याची मुभा मिळाली आणि शिक्षणाची निर्यात सुरू झाली. खासगी इंग्रजी भाषा-शाळा भराभर निघाल्या. चिनी विद्यार्थ्यांनी तिथे आगाऊ पैसे भरले. 1989 मध्ये बीजिंगच्या तियानमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडलं गेलं, त्या सुमारास व्हिसाचे नियम आवळले गेले आणि हजारो विद्यार्थी अडकले. शाळांनी पैसे आधीच खर्च केले होते, परत द्यायला काही उरलं नव्हतं. शेवटी भरपाई सरकारला करावी लागली. यातून 1991 चा कायदा आला: नोंदणी केल्याशिवाय परदेशी विद्यार्थी घ्यायचा नाही, आणि आगाऊ फी वेगळ्या खात्यात ठेवायची.

2000 मध्ये त्याची जागा आजच्या ‘ईसॉस’ (एज्युकेशन सर्व्हिसेस फॉर ओव्हरसीज स्टुडंट्स) कायद्याने घेतली. स्टुडंट व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना लागू असलेला हा कायदा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने या ग्राहकाचं वेगळेपण ओळखलं. पैसे आधी भरायचे, वस्तू पाहायची सोय नाही, आणि कॉलेज बंद पडलं तर फीसोबत व्हिसाही धोक्यात. त्यामुळे कॉलेज आणि त्याचा प्रत्येक कोर्स ‘क्रायकॉस’ या सरकारी यादीत नोंदलेला असावा लागतो. ही यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. पुण्यात बसून दोन मिनिटांत.

तरीही पुढची पडझड झाली, आणि ती आपल्याला जास्त जवळची आहे. कुकिंग, हेअरड्रेसिंगसारखे कोर्स करून पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, रस्ता मोकळा होतो असं दिसल्यावर 2005 नंतर अशा कोर्सची खासगी कॉलेजं उगवली. त्यांत भारतीय मुलं मोठ्या संख्येने होती. अनेकांना स्वयंपाकात रस नव्हता, पण कर्ज मात्र खरं होतं. 2009 मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, 31 मे रोजी मेलबर्नमध्ये त्यांनी मोर्चा काढला, आणि त्याच काळात कॉलेजं एकामागून एक बंद पडू लागली. सकाळी वर्गाला गेलं तर दाराला कुलूप. सरकारने सगळ्या कॉलेजांना नव्याने नोंदणी करायला लावली आणि माजी खासदार ब्रूस बेअर्ड यांना कायद्याचा फेरआढावा घ्यायला सांगितलं. त्यांचा अहवाल 2010 च्या मार्चमध्ये आला.

त्यातून जुलै 2012 मध्ये ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस उभी राहिली. कॉलेज बंद पडलं तर 14 दिवसांत त्याने दुसरा कोर्स द्यायचा किंवा न शिकवलेल्या भागाची फी परत करायची. ते जमलं नाही तर ही यंत्रणा पुढे येते. तिचा निधी कॉलेजांच्या वार्षिक वर्गणीतून जमतो.

ईसॉसखाली आज लागू असलेली नियमावली 2018 ची आहे. विद्यार्थ्यांशी अधिकृतपणे बोलायला कॉलेजने माणूस नेमलाच पाहिजे, असं ती सांगते. हे वाचताना मला फर्ग्युसन आठवतं. काविळीने पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला खिडकीतून डबा देणारी मुलगी तिथे शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदारांना दिसली, आणि 1971 मध्ये ‘सिम्बायोसिस’ सुरू झालं. परक्या शहरातल्या मुलाची चौकशी कुणीतरी करावी, हे पुण्यात एका शिक्षकाच्या मनात आलं. तिकडे ते नियमात लिहावं लागलं.

एक जागा मात्र कच्ची राहिली: एजंट. ऑस्ट्रेलियन कायदा एजंटला परवाना देत नाही. त्याच्या वागण्याची जबाबदारी तो कॉलेजवर टाकतो. आपला 1983 चा उत्प्रवास कायदा परदेशी नोकरीला पाठवणाऱ्यांसाठी आहे, शिकायला पाठवणाऱ्यांसाठी नाही. म्हणजे पुण्यातल्या कुटुंबाला जो माणूस समोरासमोर भेटतो, त्याच्यावरच थेट पकड सगळ्यात कमी. हातात एकच धागा आहे. ईसॉसनुसार प्रत्येक कॉलेजला आपल्या एजंटांची यादी स्वतःच्या वेबसाइटवर लावावी लागते. पेन्सिलीच्या फुलीवर सही करण्याआधी, समोरच्या कन्सल्टन्सीचं नाव त्या यादीत आहे का, हे बघता येतं.