गरम झाल्यावरच चालणारा मॉनिटर

जुना एलसीडी मॉनिटर पूर्ण बंद पडण्याआधी बरेच दिवस कुरकुरत असतो. बटण दाबलं की दिवा नुसता लुकलुकतो, पडदा क्षणभर उजळून काळा होतो. चार-पाच वेळा चालू-बंद केल्यावर एकदाचा सुरू होतो आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतो. थंडीत हा त्रास वाढतो. दुकानात नेला तर 'पॅनेल (चित्र दाखवणारा पडदा) गेलं, नवीन घ्या' असं ऐकायला मिळतं. पण एकदा तापल्यावर चित्र नीट येत असेल, तर पॅनेल शाबूत आहे. माझा पहिला संशय पॉवर बोर्डावरच्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणाऱ्या छोट्या डबीवर असतो.

हा बोर्ड घरातल्या 230 व्होल्ट एसीपासून 5, 12 असे कमी व्होल्टचे डीसी बनवतो. त्यासाठी तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि त्यातून उठणारे चढउतार इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शांत करतात. त्या छोट्या डबीत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. खरा विद्युतरोधक म्हणजे एका पट्टीवरचा ऑक्साइडचा थर, केसाहून कितीतरी पटींनी पातळ. द्रवाचं काम त्या थरापर्यंत वीज पोचवण्याचं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हा द्रव आटतो, अंतर्गत रोध वाढतो, चढउतार तसेच पुढे जातात आणि सर्किट स्वतःला बंद करून घेतं. द्रव तापला की त्यातले आयन (विद्युतभारित कण) मोकळे फिरतात, रोध उतरतो, मॉनिटर चालू होतो. थंडीत नेमकं याच्या उलट घडतं.

कपॅसिटरवर '105°' आणि त्याच्या माहितीपत्रकात '2000 तास' असं असेल, तर ते आयुष्य 105 अंश तापमानातलं. तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे 65 अंशांना सुमारे 32,000 तास, रोज आठ तास वापर धरला तर अकरा वर्षं! मॉनिटरची पाठ भिंतीला चिकटवून ठेवू नये, ती यासाठीच. 2000 सालानंतरच्या काही वर्षांत मात्र निकृष्ट द्रवाचे कपॅसिटर जगभर विकले गेले. त्या द्रवातल्या पाण्याची अ‍ॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटे आणि डब्या अकाली फुगत.

उघडण्याआधी वायर काढाच, पण तेवढं पुरेसं नाही. बोर्डावरच्या सर्वांत मोठ्या कपॅसिटरवर चालू असताना सुमारे 325 व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते टिकू शकतात. हा जीवघेणा धक्का आहे. मल्टिमीटरने मोजून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री होईपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही; या कामाची सवय नसेल तर बोर्ड सरळ जाणत्या मेकॅनिककडे द्यावा.

आजारी कपॅसिटर बहुतेकदा डोळ्यांनाच कळतो. डोक्यावर खाचा पाडलेल्या असतात; तो पत्रा सपाट हवा, फुगला किंवा तपकिरी डाग दिसला की बदलायचा. नवा घेताना मायक्रोफॅरड (साठवण्याची क्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, 105 अंशांचा आणि 'लो ईएसआर' (कमी अंतर्गत रोधाचा) मागायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सुटे मिळतात. अंगावरचा पट्टा ऋण टोकाचा. उलटा बसवला तर फुटतो.

पडदा काळा, पण तिरका टॉर्च मारल्यावर अंधूक चित्र दिसतंय? मग दोष बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या बाजूचा. जुन्या मॉनिटरमध्ये हा दिवा म्हणजे बारीक ट्यूब असते; तिच्यात पारा असतो, ती फुटू देऊ नये. पडद्यावर कायमची उभी रेघ असेल तर दोष बहुधा पॅनेलच्या जोडणीत असतो. घरच्या सोल्डरिंगने तो निघत नाही, त्यावर खर्च करू नये.