कारोंगा: तळ्यावरचा धूर आणि तळातला कोळसा

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरावर कधी कधी धुराचे खांब उभे राहतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुठेतरी मैलोन्‌मैल गवत पेटलंय. १८६० च्या दशकात तिथे फिरलेल्या स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनलाही आधी तसंच वाटलं होतं. जवळ गेलं की उलगडा होतो. तो धूर नाही, चिलटं आहेत. वारा काठाकडे वळला की अख्खा लोट गावावर येतो आणि नाकातोंडात चिलटं जातात. ती चावत नाहीत, एवढंच काय ते बरं. काठावरची माणसं तेल फासलेली भांडी त्या लोटातून फिरवतात, चिकटलेला लगदा खरवडून घेतात आणि त्याच्या चपट्या वड्या थापून वाळवतात. या चिलटांना तिथे ‘न्खुंगू’ म्हणतात. लिव्हिंगस्टनने वडी चाखली आणि तिची तुलना माशाच्या खारवलेल्या अंड्यांशी आणि खारवलेल्या टोळांशी केली.

कारोंगा हे याच काठावरचं शेतकरी गाव, मलावी देशाच्या उत्तर टोकाकडे. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला खचदरीचा चढ, आणि मध्ये नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा सपाट पट्टा. पट्ट्यात भात, उंचवट्यावर मका आणि कसावा. पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल, मग कित्येक महिने जवळपास कोरडे. भूगोलाच्या पुस्तकात या हवामानाला सॅव्हाना म्हणतात: गवत, विरळ झाडं, लांबलचक कोरडा हंगाम. पण हे वर्णन झालं, कारण नव्हे. इथे झाडं विरळ का, याचं उत्तर शोधायला आभाळाकडे पाहून भागत नाही. पाण्याखाली जावं लागतं.

सरोवर सुमारे ७०० मीटर खोल आहे. वरचं पाणी ऋतूनुसार २४ ते २९ अंश सेल्सिअस, तळाचं साडेबावीसच्या आसपास. फरक फार तर साडेसहा अंशांचा. एवढ्याशा फरकाने दोन थर एकमेकांत मिसळू नयेत, हे पटायला जरा जड जातं. गोम अशी, की पाणी जितकं गरम, तितकी एकेका अंशाने त्याची घनता जास्त बदलते. दहा अंशांच्या पाण्यापेक्षा पंचवीस अंशांच्या पाण्यात हा बदल जवळपास तिप्पट असतो. त्यामुळे थंड देशातल्या तळ्यात किरकोळ ठरला असता असा फरक इथे झाकणाचं काम करतो. वाऱ्याने वरचं पाणी घुसळतं, खालचं तसंच पडून राहतं. वरून मेलेले जीव झिरपत राहतात, जिवाणू ते कुजवतात आणि त्यात ऑक्सिजन संपतो. नवा ऑक्सिजन खाली उतरत नाही. साधारण २०० ते २५० मीटरच्या खाली तो उरलेलाच नाही. या सरोवरातले रंगीबेरंगी सिक्लिड मासे जगप्रसिद्ध आहेत, शेकडो जाती आहेत त्यांच्या. पण ते सगळे वरच्या थराचे रहिवासी.

(गंमत म्हणजे काठावरच्या भातखाचरात हाच प्रकार वीतभर खोलीत घडतो. पाणी साचलं की मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला, आणि पाण्यातून तो सरकतो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू. भात तगतो, कारण त्याच्या खोडातून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. मका अशा चिखलात गुदमरतो.)

बिनऑक्सिजनच्या या सीमेचा फायदा पहिल्यांदा उठवला तो चिलटांनी. चाओबोरस नावाच्या या किड्याची अळी काचेसारखी पारदर्शक असते. अंगात हवेच्या पिशव्यांच्या दोन जोड्या, एक पुढे, एक मागे. त्यांच्या जोरावर ती पाण्यात तरंगती राहते. दिवसा ती जवळपास ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यात दडते, कारण तिथे मासा पाठलाग करू शकत नाही. रात्री वर येऊन बारीक प्लवक खाते. मग बहुधा अमावस्येच्या सुमारास असंख्य कोष एकाच वेळी पृष्ठभागावर येऊन फुटतात, आणि तळ्यातून धूर निघतो.

दुसरा फायदा आपल्याला झाला. ऑक्सिजन नाही म्हणजे तळाशी किडे-गांडुळं नाहीत, आणि गाळ उकरणारं कुणी नाही म्हणजे थर जसेच्या तसे. २००५ साली सरोवराच्या मध्यभागी, ५९० मीटरहून जास्त खोल पाण्याखाली छिद्र पाडून संशोधकांनी ३८० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ तुकड्यातुकड्यांनी वर काढला. त्यात परागकण होते, म्हणजे काठावर कोणती झाडं होती याचा हिशेब. आणि कोळशाचे कण, म्हणजे वणव्यांचा. या परिसरात १९९१ साली सापडलेल्या २४ लाख वर्षांपूर्वीच्या मानवी जबड्याचं कौतुक जास्त होतं. मला विचाराल तर हा चिखल त्या जबड्यापेक्षा जास्त बोलका आहे.

तो सांगतो की सुमारे १,३५,००० वर्षांपूर्वीपासून पुढच्या काळात इथे भयानक अवर्षणं आली. पाणी किमान ६०० मीटर खाली गेलं होतं. समुद्रासारखं दिसणारं हे सरोवर तेव्हा डबक्याइतकं उरलं असेल. अवर्षण हटलं की तळं भरायचं आणि मागोमाग जंगलही परतायचं, आधी कित्येकदा असंच झालं होतं. सुमारे ८५,००० वर्षांपूर्वी पाणी पुन्हा चढलं आणि चढलेलंच राहिलं. जंगल मात्र पूर्वीसारखं आलं नाही. पाऊस होता, तरी झाडांची विविधता रोडावलेली राहिली, कोळसा वाढला, आणि आगीला तोंड देणारी झाडं व गवत पसरलं.

आता कारोंगाची माती पाहा. गावामागच्या चढाला गाळ आणि गोट्यांची पंखाकृती मैदानं आहेत. भूगर्भशास्त्रात त्यांना चितिम्वे थर म्हणतात. उतारावरची झाडी गेली, की पाऊस माती धुऊन आणतो आणि ओढा सपाटीवर उतरताच ती पंख्यासारखी पसरते. हे पंखे साधारण ९२,००० वर्षांपूर्वीपासून साचू लागले, आणि त्यांत दगडी हत्यारं खच्चून भरलेली आहेत. पुरातत्त्वज्ञ जेसिका थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या: कोळसा, न परतलेलं जंगल आणि हत्यारं असलेला गाळ. त्यांचं म्हणणं, वणवे माणसांनी लावले. शेती येण्याच्या हजारो वर्षं आधी, शिकारी-संकलकांनी.

पुरावा परिस्थितीजन्य आहे, हे मान्य करायला हवं. काडी ओढतानाचा हात गाळात उमटत नाही, आणि वीज पडूनही गवत पेटतं. पण वीज प्रामुख्याने पावसाबरोबर येते, आणि तेव्हा गवत ओलसर व्हायला लागलेलं असतं. माणूस मात्र कोरड्या हंगामात केव्हाही पेटवू शकतो. आग वारंवार आली की रोपटं आगीच्या वर डोकं काढण्याआधीच जळतं, गवत मुळापासून पुन्हा फुटतं, आणि पुढच्या आगीला सरपण तयार होतं. झाड उंच व्हायला काही वर्षांची उसंत लागते. ती मिळाली नाही, तर पाऊस पुरेसा असूनही माळ माळच राहतो.

कोरड्या महिन्यांत त्या भागात आजही गवत पेटवलं जातं. पावसाबरोबर काजळी नद्यांतून उतरते. थोडी भातखाचरांच्या गाळात अडकते, उरलेली तळ्यात जाते आणि चाओबोरसच्या अळ्यांना ओलांडून खाली बसते.