हाकेला येणं (बीगल)

हाकेला येणं, ट्रेनिंगवाले ज्याला रिकॉल म्हणतात, म्हणजे मोकळं सोडलेलं कुत्रं हाक ऐकली की असेल ते सोडून माणसाकडे परत येतं ते. घरात सगळीच कुत्री येतात, डब्याचं झाकण वाजलं तरी पळत येतात. खरी परीक्षा बाहेर असते, आणि लक्ष पटकन वासाकडे जाणाऱ्या बीगलसारख्या जातीत तर फारच.

बीगल ही इंग्लंडमध्ये सशाचा माग काढायला तयार केलेली जात. कळपाने वास घेत पुढे पळायचं आणि शिकारी मागून येणार, त्यामुळे दर मिनिटाला वळून माणसाकडे बघणारं कुत्रं तिथे कामाचंच नव्हतं. शेपटीचं टोक पांढरं असतं ते उंच गवतात लांबून दिसावं म्हणून. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ पासून विमानतळावर सामानातली फळं आणि मांस हुंगायला हीच कुत्री ठेवली, ती या नाकासाठीच. म्हणून पार्कात नाक जमिनीला, शेपटी ताठ आणि तुम्ही तीनदा ओरडलात तरी कान हलत नाही, तेव्हा ते उद्धट झालंय असं कृपया समजू नका, ते त्या वासात पार बुडालेलं असतं.

शिकवायची सुरुवात घरातून. एकच शब्द ठरवायचा, 'ये' म्हणा नाहीतर शिट्टी वाजवा, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. शिट्टीचा फायदा असा की आपण चिडलो तरी तिचा सूर बदलत नाही. शब्द एकदाच उच्चारायचा आणि कुत्रं पोचल्या पोचल्या, एक-दोन सेकंदात, तोंडात बक्षीस. बक्षीस म्हणजे रोजचं कोरडं खाणं नव्हे, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे, जे एरवी कधीच मिळत नाही ते (कांदा-लसूण घातलेलं चिकन अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी असतं). मग जिना, सोसायटीचं आवार, मग मोकळं मैदान, असं हळूहळू वाढवत न्यायचं. मैदानात पाच ते दहा मीटरची लांब दोरी लावायची, ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, गळ्यातल्या पट्ट्याला नाही कारण हिसका थेट मानेला बसतो, आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही, बोटं कापतात.

बहुतेकांचं बिघडतं ते पुढे. हाक मारली, कुत्रं आलं, लगेच पट्टा लावला आणि घरी. असं आठवडाभर झालं की कुत्र्याला पक्कं कळतं, हाक म्हणजे मजा संपली, आणि मग ते चार हात लांब उभं राहून तुमच्याकडे बघतं पण जवळ येत नाही. हाक अशी नासते, अगदी दुधासारखी. त्यावर उपाय एवढाच की दहातल्या नऊ वेळा बोलवायचं, खाऊ द्यायचा आणि 'जा' म्हणून परत सोडायचं. आंघोळ, नखं कापणं, औषध यासाठी तर हाक मारूच नये, आपण उठून आणायला जावं. तरीही नासलीच तर नवा शब्द घेऊन पहिल्यापासून सुरुवात करणं सोपं पडतं.

सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत, वयात येताना, नीट येणारं पिल्लूसुद्धा ऐकेनासं होतं. त्या काळात दोरी परत लावायची, निराश होऊ नये. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कितीतरी कुत्री पळतात, भीतीपुढे कुठलंही ट्रेनिंग टिकत नाही, तेव्हा त्या दिवसांत कुंपण नसलेल्या जागी पट्टा सोडूच नये.

सुटलंच तर मागे धावू नका, त्याला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो. उलट दिशेला पळा, किंवा खाली बसून गवतात काहीतरी सापडल्यासारखं करा, पुष्कळदा ते बघायला येतं. आणि अर्ध्या तासाने आलं तरी रागवायचं नाही, कारण त्याच्या लेखी तो ओरडा पळून गेल्याचा नसतो, परत आल्याचा असतो.