जुन्या गाडीचं इंजिन स्वतः बांधणार आहात? काम आमच्याकडे आणण्याआधी वाचा

बोरिंग (सिलिंडर मोठा कापणं), होनिंग (त्याची आतली भिंत बारीक घासणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून मापात आणणं) आम्ही करतो. इंजिन उघडणं आणि परत बांधणं तुमच्याकडे. घोटाळे बहुधा मधल्या कामात होतात: खुणा, मापं आणि धुणं.

उघडताना घाई नको. मेन बेअरिंगची (ज्यांत क्रँक फिरतो) भोकं त्यांच्या कॅप, म्हणजे बोल्टने बसणारी झाकणं, ब्लॉकवर कसूनच एका रेषेत कापलेली असतात. कॅपची अदलाबदल झाली किंवा ती उलटी बसली तर क्रँक जाम होऊ शकतो. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि त्याच्या कॅपची जोडीही मोडू नका. आकडे नसतील तर सोडवण्याआधी खूण करा. जुना कॅमशाफ्टच वापरणार असाल तर प्रत्येक टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारा तुकडा) आपल्याच जागी परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा.

पिस्टन आधी घ्यायचे, बोरिंग नंतर. ओव्हरसाइज पिस्टन ठरावीक मापांत येतात (0.020, 0.030, 0.040 इंच वगैरे) आणि जुन्या मॉडेलसाठी त्यातलं एखादंच माप मिळतं. त्यामुळे पिस्टन मोजल्याशिवाय आम्ही ब्लॉक मशीनवर चढवत नाही. बेअरिंगचं नेमकं उलटं आहे. क्रँक किती घासावा लागेल हे मोजल्यावरच कळतं, तोवर बेअरिंगचा सेट विकत घेऊ नका.

गाडी शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटबद्दल (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) विचारा. शिशामुळे त्या सीट झिजत नसत. ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये कडक सीट बसवता येतात. गाडी क्वचितच आणि सावकाश चालवणार असाल तर हा खर्च पुढे ढकलला तरी चालतो. आम्ही आग्रह करणार नाही.

आता धुणं, ज्याचा सगळ्यांना कंटाळा. होनिंगची बारीक पूड नुसत्या पेट्रोलने नीट निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्या. मग तेलात भिजवलेलं पांढरं फडकं सिलिंडरमध्ये फिरवा. ते करडं होतंय तोवर पुन्हा धुवा. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतूनही ब्रश फिरवा. झाल्याबरोबर कोरडं करून तेल लावा, उघडं लोखंड बघता बघता गंजतं.

पिस्टनची रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांचं मापक) मोजा: बोरच्या दर इंचामागे साधारण 0.004 इंच, पण रिंगांसोबतच्या कागदावरचा आकडा प्रमाण मानावा. फट किंचित जास्त झाली तर निभावतं. कमी पडली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. प्रत्येक मेन कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. जड लागला तर तिथेच थांबा.

पहिल्या स्टार्टआधी ऑइल पंपात तेल चढवून घ्या. फ्लॅट टॅपेटचा (सपाट तळाच्या, रोलर नसलेल्या टॅपेटचा) नवा कॅमशाफ्ट असेल तर जस्त-फॉस्फरसयुक्त तेल वापरा आणि इंजिन आयडलवर न ठेवता सुमारे 2000 आरपीएमवर 20 मिनिटं चालवा. त्यानंतर तेल आणि फिल्टर लगेच बदला. जुना फिल्टर टाकून देऊ नका. आणलात तर कापून आत धातूचा कीस आहे का ते बघून देऊ.