काकू ते रस: बडोद्यातली दहा वर्षं

कवितेच्या तासाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'या कवितेचा सूर कोणता आणि भाववृत्ती कोणती?' मुलं दोन्हीकडे 'उदास' लिहून मोकळी होतात. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सूर बोलणाऱ्याचा असतो. तो विषयाकडे आणि समोरच्याकडे कसा बघतो, हे त्याच्या बोलण्याच्या ढंगातून कळतं. भाववृत्ती अख्ख्या रचनेवर पसरलेली असते आणि वाचता वाचता आपल्यात उतरते. बोलणारा हसत हसत सांगत असतो आणि ऐकताना आपल्या पोटात गोळा येतो, तेव्हा सूर एक असतो आणि भाववृत्ती दुसरी.

हा सगळा विचार इंग्रजीच्या वर्गातून आपल्याकडे आला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रश्नपत्रिकेतला साचा तिकडचा, हे खरंच. पण आवाजामुळे अर्थ कसा पालटतो आणि कलाकृतीतली भावना रसिकापर्यंत कशी पोचते, या दोन्ही प्रश्नांवर आपल्याकडे दीड हजार वर्षांहून जास्त काळ खल चालू आहे. त्यातले दोन मोठे ग्रंथ पहिल्यांदा छापून बाहेर पडले ते आमच्या बडोद्यातून, १९१६ ते १९२६ या दहा वर्षांत. त्याच काळात एक महत्त्वाचा मराठी सिद्धांतही इथेच मांडला गेला. बडोद्याच्या मराठी माणसांना सयाजीरावांच्या शाळा, वाचनालयं, संगीतशाळा तोंडपाठ असतात. हा वारसा मात्र फारसा कुणी सांगत नाही, म्हणून हे टिपण.

सुरुवात भरताच्या नाट्यशास्त्रापासून करावी लागते. नटाने वाक्य कसं म्हणावं याचं तिथलं विवेचन थक्क करणारं आहे. आवाजाचा चढउतार, त्यातून उमटणारा हेतू, याला भरत 'काकू' म्हणतो. आवाजाची स्थानं तीन: छाती, कंठ आणि मस्तक. दूरच्या माणसाला हाक मारायची तर आवाज मस्तकातून, फार लांब नसलेल्याशी बोलायचं तर कंठातून, अगदी शेजारच्याशी छातीतून. म्हणजे समोरचा माणूस किती अंतरावर आहे, यावर बोलण्याचा सूर ठरतो. दमलेल्या, आजारी माणसाचा आवाज खालचा, घाबरलेल्याचा द्रुत, विचारात पडलेल्याचा विलंबित. कुठल्या रसाला, म्हणजे कलाकृतीतून रसिकाला चाखायला मिळणाऱ्या भावनेला, कुठले स्वर, तेही त्याने नेमून दिलंय: शृंगार आणि हास्याला मध्यम-पंचम, करुणाला गांधार-निषाद. वाक्य कुठे तोडायचं, कुठे विसावायचं, याचाही त्यात विचार आहे. हे सगळं रंगभूमीसाठी होतं. काव्य वाचणाऱ्यासाठी त्याची नीट मांडणी केली ती राजशेखराने, दहाव्या शतकाच्या आसपास.

राजशेखर कनोजच्या प्रतिहार दरबारातला कवी. त्याच्या काव्यमीमांसा या ग्रंथाचा एकच भाग आज हाती आहे. सयाजीरावांच्या राज्यात 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' सुरू झाली, तेव्हा तिचं पहिलं पुस्तक म्हणून १९१६ मध्ये हाच ग्रंथ निघाला. त्याचे एक संपादक चिमणलाल दलाल. पाटणच्या जैन भांडारांमधली हस्तलिखितं धुंडाळण्याचं मोठं काम त्यांनी केलं होतं. पुढे दोनच वर्षांत, १९१८ मध्ये, ते गेले.

या ग्रंथात काकूचे दोन मोठे प्रकार सांगितले आहेत. वाक्य म्हटल्यावर अजून काहीतरी हवंय असं वाटत राहिलं तर ती साकांक्ष, आणि वाक्य तिथेच पुरं झालं तर निराकांक्ष. पुढे प्रत्येकीचे तीन तीन प्रकार. 'दादा येणार' एवढेच दोन शब्द घ्या. 'दादा येणार?' हा प्रश्न. 'दादा... येणार...' अशी मनाशी चाललेली शंका. 'दादा येणार!' म्हणजे कसला येतोय, हा आक्षेप. या तिन्ही साकांक्ष. आता घरातल्या मोठ्याने दादाला बजावावं तसं 'दादा येणार' म्हटलं तर तो हुकूम, कुणी विचारल्यावर सांगितलं तर उत्तर, आणि सगळा विचार करून ठामपणे म्हटलं तर निर्णय. या तिन्ही निराकांक्ष. शब्द तेच दोन, आणि अर्थ सहा. हे मोठ्याने म्हणून बघावं. डोळ्यांनी वाचून कळणार नाही.

राजशेखराच्या आधी रुद्रट या काव्यशास्त्रकाराने काकूवक्रोक्तीला, म्हणजे नुसत्या आवाजाच्या ढंगाने वाक्याचा अर्थ फिरवण्याला, शब्दालंकारांत बसवलं होतं. राजशेखराला ते मान्य नव्हतं. काकू हा पठणाचा धर्म आहे, त्यात म्हणणाऱ्याचा अभिप्राय असतो, मग तो अलंकार कसा होईल, असा त्याचा सवाल. माझ्या मते या साऱ्या चर्चेतलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे. सूर हा वरून घातलेला दागिना नाही. तो काढला तर अर्थच उरत नाही. हेच समजलं नाही म्हणून आजही सूर ओळखा म्हटलं की विद्यार्थी कवितेतले अलंकार मोजायला लागतात.

(जाता जाता: कुठल्या प्रांतातले लोक कसं पठण करतात, हेही राजशेखराने नोंदवलंय. लाट देशातले लोक प्राकृत फार गोड म्हणतात पण संस्कृतचा द्वेष करतात, असं तो लिहितो. बडोदं जुन्या लाटातलंच. तोच ग्रंथ याच मातीत छापला गेला.)

सूर वाक्यावाक्यात बदलतो. अख्ख्या ग्रंथाची भाववृत्ती ही निराळी गोष्ट. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने तिचा विचार केला. रामायणाचा मुख्य रस करुण आणि महाभारताचा शांत, असं त्याने साधार मांडलं. महाभारतात एवढी युद्धं, एवढा क्रोध. तरी सगळं वाचून संपल्यावर मनात जे उरतं ते शांत. हीच जाण आपल्या ज्ञानदेवांच्या ओवीत दिसते. विश्वरूपदर्शनाच्या अकराव्या अध्यायाची ओळख करून देताना ते म्हणतात, 'जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा'. घर शांताचं आणि पाहुणा अद्भुत! मुख्य भाववृत्ती आणि प्रसंगापुरती भाववृत्ती यांचं नातं याहून नेमकं सांगितलेलं मला तरी माहीत नाही.

१९२१ मध्ये मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं. अध्यक्ष न. चिं. केळकर. वाङ्मय वाचून आनंद का होतो, या प्रश्नाला त्यांनी 'सविकल्प समाधी' हे उत्तर दिलं. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, त्याच्या सुखदुःखाशी एकरूप होतो, पण आपण कोण आहोत हे विसरत नाही. दोन्ही जाणिवा एकत्र नांदतात, म्हणून आनंद. या मतावर पुढे मराठीत बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण त्यात खरा पेच आहे: भावना कुणाची, पात्राची की माझी?

या पेचावरचं सर्वांत सखोल विवेचन काश्मीरच्याच अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी केलं होतं. काव्यप्रकाश लिहिणाऱ्या मम्मटामुळे त्याचा सारांश पंडितांना ठाऊक होता, पण नाट्यशास्त्रावरची त्याची मूळ टीका (म्हणजे भाष्य), अभिनवभारती, छापलेली नव्हती. तिचा पहिला खंड बडोद्याहूनच १९२६ मध्ये निघाला. संपादक मानवल्ली रामकृष्ण कवी. केरळाकडून मिळालेली हस्तलिखितं इतकी अशुद्ध होती, की खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरला तरी त्याला आपला मूळ पाठ सहजी लावता येणार नाही, असा एका विद्वानाचा अभिप्राय प्रस्तावनेत आहे. चौथा आणि शेवटचा खंड यायला १९६४ उजाडलं. सातव्या अध्यायाची बरीचशी आणि आठव्याची सगळीच टीका हरवलेली आहे.

अभिनवगुप्त शाकुंतलातल्या हरणाचा दाखला देतो. मान वळवून वळवून मागचा रथ बघत ते पळतंय. प्रेक्षकाला तिथे भीती जाणवते, पण 'मी भ्यालोय' किंवा 'हा माझा शत्रू, हा मित्र, हा भ्यालाय' अशी नाही. भीती कुणाचीच राहत नाही, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. आणि हा आस्वाद कशाने मोडतो, तेही तो सांगतो. रसाची सात विघ्नं आहेत, त्यांतलं एक म्हणजे वाचक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. अभिनवभारतीचा पहिला खंड निघाल्यावर तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी, कवींची नावं झाकून विद्यार्थ्यांना वाचायला दिलेल्या कवितांवरचा आपला ग्रंथ छापला. मुलं आपल्याच आठवणी कवितेवर लादतात, हे त्यांनाही आढळलं. अर्थाचे चार पदर त्यांनी सांगितले: आशय, भावना, सूर आणि हेतू. आपल्या वर्गातला प्रश्न त्याच परंपरेतून आला.

हे सगळं जवळून पाहायचं तर बालकवींची औदुंबर ही आठ ओळींची कविता घ्यावी. तिच्या अर्थावर मराठी समीक्षक कित्येक दशकं भांडत आले. सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच: कुणी बोटाने दाखवत सांगावं तसा सपाट, निवांत. 'मी' नाही, हाय नाही, उद्गार नाही. पण आधी हिरवळ आणि निळासावळा झरा, मग पांढरी पायवाट, आणि ती वाट 'काळ्या डोहाकडे'. रंग गडद होत जातात आणि आपण अस्वस्थ होतो, सांगणारा मात्र तसाच निवांत राहतो. आता शेवटची ओळ, 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर', आधी मिटल्या तोंडाने वाचा आणि मग मोठ्याने. 'असला' वर आवाज किंचित चढवला तर कौतुक येतं, खाली आणला तर विषण्णता. राजशेखर ज्याला पठणाचा धर्म म्हणतो तो हाच. कविता छापील पानावर आली तेव्हा हा निर्णय म्हणणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे गेला, आणि आपल्या वर्गांतून कविता मोठ्याने म्हणणं बंद होत गेल्यामुळे तो घेतलाच जाईनासा झाला.