पंचतारांकित जहाज आणि बुटातले खडे: अंटार्क्टिकाच्या आलिशान सफरीमागची गोष्ट

जहाज दक्षिणेकडे निघालं की दुसऱ्या दिवशी लाउंजमध्ये एक गमतीदार दृश्य दिसतं. माणशी दहा-पंधरा लाख किंवा त्याहूनही जास्त मोजून आलेली मंडळी रांगेत उभी असतात. हातात स्वतःचेच बूट, कॅमेऱ्याची बॅग, ट्रेकिंगची पँट. कुणी वाकवलेल्या पेपरक्लिपने बुटाच्या तळव्यातले खडे टोकरतंय, कुणी चिमट्याने व्हेलक्रोत अडकलेली कुसळं वेचतंय, कुणी खिसे उलटे करून व्हॅक्युम क्लीनर फिरवतंय. मार्गदर्शक तपासून ‘ठीक आहे’ म्हणाला की सही करायची. सुटका झाली तर झाली, नाहीतर पुन्हा खाली बसून खडे काढा.

कारण साधं आहे. ‘पोआ ॲन्युआ’ नावाचं, कुठल्याही हिरवळीवर उगवणारं एक गवत 1980च्या दशकात किंग जॉर्ज बेटावरच्या पोलिश संशोधन केंद्राजवळ सापडलं आणि ते तिथून हटायला तयार नाही. बी येतं ते माणसाच्या बुटातून. स्पा, शॅम्पेन आणि खाजगी बाल्कनी असलेल्या जहाजावर शाळेतल्यासारखी शिस्त का, हे समजायचं तर साठ-पासष्ट वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी या भागात हौसेने कुणी जात नव्हतं. 1820 साली अंटार्क्टिका दृष्टीस पडला आणि लगेच सीलच्या कातड्याचे व्यापारी तुटून पडले. काही हंगामांतच दक्षिण शेटलंड बेटांवरचे फर सील जवळजवळ संपले. मग देवमाशांची पाळी. डिसेप्शन बेटावर 1912 ते 1931 या काळात चाललेल्या कारखान्याच्या गंजलेल्या टाक्या आजही उभ्या आहेत, आणि आजचे पर्यटक त्यांचेच फोटो काढतात.

पर्यटक पहिल्यांदा आले ते आकाशातून. डिसेंबर 1956 मध्ये चिलीच्या विमान कंपनीचं एक विमान 66 प्रवाशांना बर्फावरून फिरवून परत घेऊन गेलं. जानेवारी 1958 मध्ये अर्जेंटिनाच्या ‘लेस एक्लेरेर्स’ या जहाजाने दोन फेऱ्यांत जवळपास दोनशे प्रवासी नेले. यात नुसता प्रवासाचा शौक होता असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. अर्जेंटिना आणि चिली, दोघेही अंटार्क्टिकाच्या त्याच द्वीपकल्पावर हक्क सांगत होते. आपले नागरिक तिथे सहलीला जातात, हाही हक्क दाखवायचा एक मार्गच. पुढे 1 डिसेंबर 1959 रोजी 12 देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या आणि मालकीचे दावे जिथल्या तिथे गोठवले. करारात विज्ञानावर भर होता. सहलीला येणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या गावीही नव्हता.

तो प्रश्न उभा केला लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश वंशाच्या अमेरिकन माणसाने. जानेवारी 1966 मध्ये त्याने अर्जेंटिनाच्या नौदलाचं ‘लापाताइया’ हे जहाज भाड्याने घेतलं आणि 57 पाहुण्यांना घेऊन गेला. पण पाहुण्यांना डेकवरून बर्फ दाखवून परत आणणं त्याला पटत नव्हतं. माणूस किनाऱ्यावर उतरला पाहिजे, पेंग्विनची वसाहत जवळून पाहिली पाहिजे, आणि काय पाहतोय हे सांगायला शास्त्रज्ञ सोबत हवा. जो हे डोळ्यांनी पाहील तो पुढे त्याच्या बाजूने बोलेल, असा त्याचा हिशेब. हा हिशेब किती खरा ठरला यावर आजही वाद घालता येतो, पण सफरीचा साचा मात्र तोच राहिला: सकाळी एक उतरणं, दुपारी एक, मधल्या वेळात व्याख्यान, आणि जहाजापासून किनाऱ्यापर्यंत ने-आण करायला हवा भरलेल्या रबरी होड्या. या होड्यांना सगळे ‘झोडियाक’च म्हणतात.

भाड्याच्या जहाजावर हे फार दिवस जमणारं नव्हतं. 1969 साली फिनलंडमध्ये त्याने खास याच कामासाठी जहाज बांधून घेतलं, ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’. सुमारे 73 मीटर लांब, शंभरेक प्रवाशांचं, बर्फाला टक्कर देईल असं मजबूत, आणि रंगाने लालभडक. ‘छोटं लाल जहाज’ हे त्याचं लाडकं नाव. आलिशान म्हणावं असं त्यात फार काही नव्हतं. केबिन लहान, डायनिंग हॉल एकच. तिसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी 1972 मध्ये, ते अंटार्क्टिकात खडकावर चढलं आणि चिलीच्या नौदलाने प्रवाशांना सोडवलं. नकाशेच अपुरे होते. काही जागी आजही आहेत.

विमानाच्या सफरींवर 28 नोव्हेंबर 1979 रोजी मोठा घाव बसला. ऑकलंडहून बर्फ दाखवायला निघालेलं एअर न्यूझीलंडचं विमान माउंट एरेबसच्या उतारावर आदळलं. 257 जण गेले. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडून होणारी अशी उड्डाणं त्यानंतर कित्येक वर्षं बंद राहिली. अंटार्क्टिका बघायचा म्हणजे जहाजानेच, हे समीकरण पक्कं झालं.

मग आलं 1991. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. 4 ऑक्टोबरला माद्रिदमध्ये पर्यावरण रक्षणाच्या पूरक करारावर सह्या झाल्या. त्याने खाणकामाला बंदी घातली आणि कोणत्याही मोहिमेआधी तिच्या परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, सहलसुद्धा त्यात आली. सात पर्यटन कंपन्यांनी एकत्र येऊन ‘आयएएटीओ’ ही संघटना काढली आणि स्वतःवरच नियम घालून घेतले. बाहेरून कुणी कडक नियम लादण्याआधी आपणच घालावेत, हे धंद्याचं शहाणपणही त्यात होतं. आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ मोडला. बर्फात चालणारी त्याची संशोधन जहाजं आणि आइसब्रेकर काम नसल्याने पडून राहिले, आणि परदेशी कंपन्यांना भाड्याने मिळू लागले. ‘अकादेमिक’ आणि ‘कपितान’ अशा नावांच्या या जहाजांवर साध्या केबिन, बऱ्याच ठिकाणी सामायिक न्हाणीघर, आणि खलाशी मात्र बर्फ कोळून प्यायलेले. 1992-93 च्या हंगामात जेमतेम 6,700 पर्यटक आले होते. आकडा वर चढायला सुरुवात झाली ती इथून.

तर मग श्रीमंती आली कुठून? माझ्या मते ती नियमांच्या पोटातून आली. एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त माणसं किनाऱ्यावर नकोत. 20 पाहुण्यांमागे एक मार्गदर्शक. 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणीही उतरायचं नाही. आता हिशेब करा. 100 प्रवाशांचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात. 200 असतील तर दोन पाळ्या. 450 असतील तर पाच, आणि प्रत्येकाच्या वाट्याला घड्याळ बघत घालवलेला थोडासा वेळ. म्हणजे जहाज जितकं लहान, तितका त्यावरचा दिवस मोलाचा. पण इंधन, खलाशी, मार्गदर्शक यांचा खर्च वाटून घ्यायला डोकी कमी. तिकीट वाढलं. आणि इतके पैसे मोजणारा माणूस सामायिक न्हाणीघरात दोन दिवसही काढणार नाही. 2019 साली आलेल्या ‘सीनिक इक्लिप्स’वर दोन हेलिकॉप्टर आणि एक पाणबुडी आहे, एरवी 228 प्रवासी घेणारं हे जहाज अंटार्क्टिकात मात्र 200 वर थांबतं. हा 200 आकडा कुठून आला, ते वेगळं सांगायला नको.

नियम कागदावरून करारात कसे गेले, त्यात एक धागा आपल्या देशाचाही आहे. 2007 मध्ये करारातल्या देशांची बैठक नवी दिल्लीत भरली, आणि 500 वरच्या जहाजांना उतरू देऊ नका, एका वेळी 100 च माणसं, असा ठराव तिथे झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते छोटं लाल जहाज पुन्हा बातमीत आलं. मालक बदलले होते, नाव नुसतं ‘एक्सप्लोरर’ उरलं होतं. 23 नोव्हेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीत ते बर्फावर आदळलं. जहाजावरचे 154 जण उघड्या जीवरक्षक बोटींत आणि झोडियाकमध्ये उतरून थंडीत काही तास ताटकळले. हवा शांत होती, हे नशीब. नॉर्वेच्या ‘नॉर्डनॉर्गे’ या प्रवासी जहाजाने सगळ्यांना उचललं. मदतीला धावलेलं दुसरं जहाज लिंडब्लाडच्या मुलाच्या कंपनीचं होतं. सगळे वाचले. जहाज तिरकं होत होत त्याच दिवशी तळाला गेलं, टाक्यांतल्या डिझेलसकट.

तिथे तटरक्षक दल नाही, जवळ बंदर नाही. वाचवायला येणार ते दुसरं पर्यटक जहाजच, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. 2009 मध्ये बाल्टिमोरच्या बैठकीत दिल्लीचा ठराव सक्तीच्या नियमाच्या वाटेला लागला. 1 ऑगस्ट 2011 पासून 60 अंश दक्षिणेपलीकडे जड काळं तेल जाळायला आणि नुसतं वाहून न्यायलाही बंदी आली, आणि काही मोठ्या जहाजांनी तिकडचा नाद सोडला. 1 जानेवारी 2017 पासून ध्रुवीय जहाजांसाठी वेगळी संहिता लागू झाली. जुनी जहाजं दुरुस्त करण्यापेक्षा नवी बांधणं परवडू लागलं, आणि नवं बांधायचंच तर मग राजेशाही थाटाचं. 2021 मध्ये आलेलं फ्रेंच ‘ल कोमांदां शार्को’ तर जाड बर्फ फोडणारं, एलएनजी म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू आणि बॅटरीवर चालणारं. आत पोहण्याचा तलाव.

2023-24 च्या हंगामात सुमारे 1 लाख 22 हजार पर्यटक येऊन गेले. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त लोक मोठ्या जहाजांच्या डेकवरून पाहून, पाय न लावता परतले. याच हंगामात, फेब्रुवारी 2024 मध्ये, मुख्य भूमीवर बर्ड फ्लू सापडला. या साथीच्या धास्तीने आता बर्फावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग खाली ठेवायची नाही. पेंग्विनचा फोटो काढायचा तर उभ्यानेच.

मे 2024 मध्ये बैठक पुन्हा भारतात, कोचीला भरली, आणि पर्यटनाच्या नियमांची एकत्र चौकट तयार करायला पहिल्यांदाच स्वतंत्र कार्यगट बसला. त्याआधी भारताने 2022 मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला. परवान्याशिवाय जाता येत नाही, हे त्यात लिहिलंय. गोव्याच्या मुरगाव बंदरातून 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय तुकडी ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने गुपचूप निघाली होती, त्याला तेव्हा चाळीस वर्षं उलटून गेली होती. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोतच आहे.

मुंबईहून सहलीला जाणाऱ्यांना मात्र ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ दिसत नाही. ही केंद्रं खंडाच्या पूर्व भागात, आणि सहलीची जहाजं जातात अर्जेंटिनाच्या उशुआइयाहून समोरच्या द्वीपकल्पाकडे, हजारो किलोमीटर दूर. जहाज सुटेपर्यंत वेळ असला तर लोक उशुआइयातला जुना तुरुंग बघून येतात. जगाच्या टोकाला कोण पळून जाणार, म्हणून तो तिथे बांधला होता. 1947 मध्ये बंद झाला आणि आता संग्रहालय आहे. संध्याकाळी बीगल खाडीतून जहाज बाहेर पडतं आणि पुढचे दोन दिवस ड्रेक सामुद्रधुनीचे. ती शांत असली तर ‘लेक’, खवळलेली असली तर ‘शेक’, असं खलाशी म्हणतात. सूट कितीही मोठा असो, शेकमध्ये उलटीची पिशवी सगळ्यांना सारखीच.